गेटचा एक अर्थ राहिला

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत माणसांना हाक मारायची ती अक्षराने. इंग्रजीतलं जे अक्षर ज्याच्या वाट्याला, तेच त्याचं नाव, अशी पद्धतच पडून गेली होती. एफवाले, एचबाई, आयवाले. जी हे अक्षर ज्याच्याकडे होतं, त्या गृहस्थाला मात्र जीवाले म्हणायला जीभ वळेना. शिवाय गेलं वर्षभर तो 'गेट' या एकाच क्रियापदाला चिकटून बसला होता. तेव्हा त्याचं नाव गेटकर पडलं आणि ते त्याला इतकं शोभलं, की खरं आडनाव त्यालाही विचार करूनच आठवायचं.

कचेरी म्हणजे टायर पंक्चरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली हवेचा पंप सुरू झाला की वर टेबलं थरथरायची. बाहेरच्या खोलीत चार टेबलं, भिंतीला लागून कार्डांच्या खणांची कपाटं, एक शिडी आणि कधीच नीट न लागणारी एक खिडकी. आतल्या खोलीत मुख्य संपादक, म्हणजे मोठ्या बाई. मधलं दार बाई कधी लावू देत नसत. बंद दारातून माणसांच्या चुका ऐकू येत नाहीत, असं त्यांचं मत होतं.

'गेट' हा शब्द आपल्याला येतो असं ज्याला त्याला वाटतं. चिडलेला मास्तर पोराला 'गेट आउट' म्हणतो, जुने वर्गमित्र 'गेट टुगेदर' करतात, आजारी माणसाला 'गेट वेल सून' लिहून पाठवलं की भेटायला जाण्याचे कष्ट वाचतात. पण हाच शब्द कोशात बसवायला घ्या, म्हणजे तोंडाला फेस येतो. मिळणं तोच, आणणं तोच, पोचणं तोच, होणं तोच, समजणंही तोच. ज्या घरात एकच पातेलं असतं, तिथे त्यातच दूध तापतं, त्यातच भात शिजतो आणि पाहुणा आला तर चहाही त्यातच उकळतो. इंग्रजांनी हे क्रियापद तसं वापरलेलं आहे.

हेही निभलं असतं. खरी गोम होती ती बाईंच्या नियमात. बाई लहानपणी ज्या कोशावर इंग्रजी शिकल्या, त्यात उदाहरणादाखल दिलेल्या वाक्यांत राजे वाघ मारायचे आणि आज्ञाधारक मुलं गुरूंना वंदन करायची. त्या जाडजूड पुस्तकात एकही माणूस कधी कंटाळला नाही, कुणाला साधी सर्दी झाली नाही. तेव्हाच बाईंनी मनाशी ठरवलं, की आपला कोश निघेल तेव्हा त्यातलं प्रत्येक वाक्य खरं असेल. खरं म्हणजे ज्याने लिहिलं त्याच्या बाबतीत खरं. आणि एक शब्द एकाच माणसाचा. एक अर्थ याने करायचा आणि दुसरा त्याने, असली वाटणी चालणार नाही.

बाई नियम करून थांबणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्या खात्री करत. एफवाल्यांनी 'फॉल'साठी 'मी शिडीवरून पडलो' असं बिनधास्त ठोकून दिलं. बाईंनी विचारलं, कधी? एफवाल्यांची बोबडी वळली. वाक्य बाद झालं. नवं कोरं कार्ड काढायला ते शिडीवर चढले आणि घाबरलेले असल्यामुळे खरोखरच पडले. बाई दवाखान्यात गेल्या, प्लास्टरवर बोटाने टकटक करून पाहिलं आणि वाक्य मंजूर केलं. एचबाईंनी 'हॅव'साठी 'माझ्याकडे तीन छत्र्या आहेत' असं लिहिलं होतं. त्यांनी मात्र कुणी विचारायच्या आत तिन्ही छत्र्या आणून बाईंच्या टेबलावर उघडून दाखवल्या.

आता असल्या कचेरीत 'गेट' यावा कुणाच्या वाट्याला, तर ज्याच्या आयुष्यात कधी काही घडलंच नाही अशा माणसाच्या. गेटकर चाळिशी ओलांडलेला. थोरल्या विधवा बहिणीबरोबर, म्हणजे अक्काबरोबर राहायचा. बस वेळेवर यायची, डबा वेळेवर खायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि या शब्दाला तर 'गेट वेट' म्हणून भिजायला पाहिजे, हरवायला पाहिजे, रागवायला पाहिजे, पकडलं जायला पाहिजे. टक्कल पडणं आणि पोट सुटणं हे दोन अर्थ तेवढे विनासायास पदरात पडले. बाकी प्रत्येकासाठी बिचाऱ्याला कंबर कसावी लागली.

भिजण्यासाठी तो बागेच्या माळ्यासमोर जाऊन उभा राहिला. माळी इतका सज्जन, की त्याने पाण्याची नळीच बंद केली. शेवटी एकदा पावसानेच त्याला गाठलं. हरवणं आणखी कठीण होतं, कारण गेटकरला रस्ते पाठ होते. अनोळखी बसमध्ये डोळे मिटून बसला तरी वळणांवरून कुठे आलो ते कळायचं. शेवटी एफवाल्यांना भेटायला म्हणून दवाखान्यात गेला आणि तिथल्या बोळांनी त्याची जिरवली. एक्स-रे, मग धोबीखाना, मग स्वयंपाकघर करत तो बाळंतिणींच्या वॉर्डात निघाला. तिथल्या नर्सने 'तुम्हीच ना वडील?' म्हणून एक बाळ त्याच्या हातात दिलं. ते परत करून बाहेर पडेपर्यंत त्याला घाम फुटला. बाईंनी दवाखान्यात फोन करून हकिगत पडताळून पाहिली.

पकडलं जाण्यासाठी त्याने फळवाल्याच्या गाडीवरून एक सफरचंद उचललं आणि फळवाल्याच्या डोळ्यांदेखत खिशात घातलं. फळवाला म्हणाला, ते डागी आहे हो, हे घ्या. असा चोरीचा माल त्याच्या हातात बदलून मिळाला. पकडलं जाणं पुढे बिनतिकिटाच्या बसप्रवासात एकदाचं जमलं, पण गुन्हा करून सहीसलामत सुटणं हा अर्थ त्याच वेळी फुकटात झाला. रागावण्याला तर बहिणीने जिवापाड मदत केली. भाजीत मीठ जास्त घातलं, चष्मा लपवला, त्याच्या उशीवर स्वतः झोपली. गेटकरने उलट तिचीच माफी मागितली. शेवटी आपल्याला साधं रागावताही येत नाही, याचाच एके दिवशी कचेरीत त्याला असा काही संताप आला, की त्याने टेबलावर मूठ आपटली आणि शाईची बाटली आडवी झाली. आतून बाईंचा आवाज आला, 'मंजूर.'

या सगळ्या भानगडी शेजारच्या टेबलावरून एचबाई पाहत असत. अंबाड्यात पेन्सिल खोचायची आणि मग ती टेबलभर शोधायची ही त्यांची सवय. हसायच्या त्या आवाज न करता, फक्त खांदे हलायचे. गेटकर भिजून आला तेव्हा त्यांनी त्याला टॉवेल दिला होता आणि आपल्या तीनपैकी एक छत्रीही पुढे केली होती. वर म्हणाल्या होत्या, आता काय उपयोग म्हणा.

आणि इथेच सांगून टाकतो, गेटकरला एचबाई आवडायच्या. गेट हातात येण्याच्या कितीतरी आधीपासून. जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या, की आज त्यांची झोप नीट झालीय की नाही हे त्याला कळायचं. त्या रजेवर असल्या की त्याला पंपाचा आवाज जास्त ऐकू यायचा. पण कोशवाल्यांचा मोठा रोग हा, की नेमका शब्द सापडल्याशिवाय ते तोंड उघडत नाहीत. गेटकर वर्षानुवर्षं नेमकं वाक्य शोधत राहिला होता.

एक दिवस बाईंनी त्याला आत बोलावलं. कार्डांची चवड समोर होती.

"बाकी सगळं झालं," बाई म्हणाल्या. "'गेट मॅरिड', लग्न तेवढं राहिलंय. या महिन्यात उरका. खंड छापायला जायचाय."

शाईच्या बाटल्या संपल्यात, मागवून घ्या, असं सांगावं त्या सुरात. गेटकरने चाचरत सुचवून पाहिलं, की आयवाल्यांचं लग्न केव्हाच झालंय, एवढं एक वाक्य त्यांच्याकडून घेतलं तर? आयवाले म्हणजे कचेरीतले सगळ्यात वयस्कर. त्यांना नातवंडं होती आणि जेवणानंतर ते बसल्या बसल्या झोपत. बाई म्हणाल्या, एक शब्द, एक माणूस. मग हा अर्थच गाळला तर? बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो उलट पावली बाहेर आला.

घरी बहिणीला ही बातमी कळली आणि तिला आकाश ठेंगणं झालं. इतकी वर्षं ती सांगत होती ते घरचं बोलणं होतं, आता वरून हुकूम आला होता. ती पदर खोचून कामाला लागली. स्थळं आणताना ती काही लपवून ठेवत नसे. भाऊ सज्जन आहे, निर्व्यसनी आहे आणि त्याला कामानिमित्त लग्न करायचंय, असं ती सरळ सांगायची. एका मुलीच्या वडिलांनी शंका काढली, की कोश संपल्यावर मग पुढे काय? दुसरीच्या आईला वाटलं, जावई गेटचं काम करतो म्हणजे लोखंडाचा कारखाना असणार. तिला कोश दाखवल्यावर तिचा चेहरा उतरला.

गेटकर एकेका फोटोला नाही म्हणत होता आणि कारण सांगत नव्हता. कचेरीत मात्र गोष्ट षट्कर्णी झाली होती. दुपारच्या चहाला एफवाले कुबडी टेकून रोज नव्या स्थळाची चौकशी करत. एकदा एचबाईही म्हणाल्या, चांगली बघा हो, एका वाक्यापुरतीच हवी असली तरी. सगळे हसले. त्या मात्र उठून मोरीशी गेल्या आणि एक कप बराच वेळ विसळत राहिल्या.

इतके दिवस नेमकं वाक्य सापडत नव्हतं म्हणून गेटकरने एचबाईंना विचारलं नाही. आता विचारलं तर ते वाक्य कशासाठी, हे सगळ्या कचेरीला आधीच माहीत. तरी त्याने जिवाचा धडा केला. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर जिन्यात, पंपाच्या आवाजात, त्याने त्यांना थांबवलं. मला तुम्हाला एक विचारायचं होतं, म्हणाला.

एचबाई एक पायरी खाली होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"शब्दासाठी असेल तर नका विचारू," त्या म्हणाल्या. "वर्षभर बघतेय मी. तुम्ही भिजलात शब्दासाठी, हरवलात शब्दासाठी, रागावलात तेही शब्दासाठी. मला हसू यायचं. पण मला कुणी शब्दासाठी काही विचारलं, तर ते मला सहन व्हायचं नाही. बाकी कुणी विचारलं तर एक वेळ चालेल. तुम्ही विचारलेलं नाही चालणार."

आणि त्या भराभरा खाली निघून गेल्या. गेटकर कठड्याला धरून उभा राहिला. 'तुम्ही विचारलेलं नाही चालणार' या वाक्याचा अर्थ त्याला घरी पोचून हातपाय धुताना लागला, आणि तो तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला. बहिणीने विचारलं, काय झालं? तो म्हणाला, स्थळं बघणं बंद कर. अक्का तोंडाला येईल ते बोलली आणि मग त्याचा चेहरा पाहून फोटो गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो थेट बाईंच्या खोलीत गेला आणि म्हणाला, मी गेट सोडतो.

बाईंना आधी ऐकू आलं नाहीसं वाटलं. मग त्यांनी त्याला खुर्चीत बसायला सांगितलं, जे त्या कुणालाच कधी सांगत नसत. सोडायचं म्हणजे काय, ते त्यांनी त्याला नीट समजावलं. वाक्य लिहिणाऱ्याच्या बाबतीत खरं असलं पाहिजे. लिहिणारा बदलला की त्याची वाक्यं बाद. सगळी. दवाखाना, सफरचंद, शाईची बाटली, टक्कल, काही राहणार नाही. खंडात त्याचं नावही नाही. शब्द पुढच्या अक्षराकडे जाणार आणि त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार.

गेटकरने ती चवड पाहिली. त्याच्या आयुष्यात जे काही घडलं होतं ते सगळं त्या कार्डांत होतं. त्याला रडू यायच्या बेतात होतं, पण तो म्हणाला, तरी सोडतो.

"कारण?" बाईंनी विचारलं.

"मला एकीला एक गोष्ट विचारायचीय. हा शब्द माझ्याकडे असेपर्यंत ती विचारता येत नाही."

बाईंनी चवड उचलली आणि एकेक कार्ड मधोमध फाडलं. त्यांना नियम मोडता येत नव्हता. मात्र ज्या वेगाने त्या रोज फाडत, त्यापेक्षा आज जरा हळू फाडत होत्या. मग त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली. "एचबाई, गेट आता तुमच्याकडे."

हे गेटकरच्या मनातच आलं नव्हतं. पुढचं अक्षर एच, ही गोष्ट कोशात जन्म घालवलेल्या माणसाने विसरावी, याला काय म्हणायचं? पण प्रेमात पडलेल्या माणसाला बाराखडी राहते लक्षात, तीही कशीबशी, आणि इथे तर परकी होती. तो बाहेर आला तेव्हा एचबाई उभ्याच होत्या. अंबाड्यातली पेन्सिल उपसून हातात घेतलेली.

त्यांनी त्याला फैलावर घेतलं. वर्षभराची मेहनत अशी फेकून द्यायला लाज नाही वाटली? दवाखाना पालथा घालून परक्याचं बाळ हातात घेतलंत ते कशासाठी? आणि आता मी जाऊन उभी राहू का त्या माळ्यासमोर? मला न विचारता माझ्या गळ्यात हे घोंगडं कसं काय अडकवलंत? त्यांचा आवाज एवढा चढला, की खाली पंप थांबला. आयवाले दचकून जागे झाले आणि परत झोपले.

आतून बाई म्हणाल्या, "रागावणं झालं. मंजूर. लिहून ठेवा."

एफवाल्यांनी कपाटात तोंड घातलं. गेटकर म्हणाला, मला फक्त मोकळ्या हाताने तुमच्यापुढे यायचं होतं. पुढचं अक्षर तुमचं आहे हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

एचबाई खुर्चीवर बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाही त्यांना राग येत होता.

"म्हणजे झालं काय कळलं का?" त्या हळूच म्हणाल्या. "आता तुम्ही विचारलंत आणि मी हो म्हटलं, तर माझा अर्थ पुरा होतो. लोक म्हणतील, महिनाअखेर आली होती, केलं बाईने. तुम्हालाही कधीतरी वाटेल. चिडलात की वाटेल."

गेटकरला नेमकं वाक्य कधी सापडत नसे, हे वर सांगितलंच आहे. हे वाक्य त्याने शोधलं नाही. ते आपलं आपण तोंडातून गेलं.

"तुम्ही शब्दासाठी हो म्हणालात तरी मला चालेल," तो म्हणाला. "मी कधी विचारणार नाही, कशासाठी म्हणून."

एचबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. चाळीस वर्षांच्या बाईने असं पाहायचं नसतं, निदान कचेरीत तरी, पण त्यांनी पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "मला नाही चालणार." उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

आत काय बोलणं झालं ते उघड्या दारातून सगळ्यांनी ऐकलं. एचबाईंनी गेट सोडला. त्यांच्या नावावर एकच वाक्य होतं, रागावल्याचं, तेही बाद झालं. बाईंनी विचारलं, या कचेरीत कुणाला कोश काढायचाय की नाही? एचबाई म्हणाल्या, काढायचाय, पण उद्यापासून. मग बाईंनी आयवाल्यांना हाक मारली. आयवाले झोपलेले होते, त्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही आणि शब्द त्यांच्याकडे गेला.

एचबाई बाहेर येऊन गेटकरच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

"आता विचारा," त्या म्हणाल्या.

"तुम्ही... म्हणजे मी... आपण जर का..."

"पूर्ण वाक्यात विचारा."

गेटकरने पूर्ण वाक्यात विचारलं. ते वाक्य साधं होतं आणि ज्याला त्याला ठाऊक असतं तसंच होतं, म्हणून इथे देत नाही. एचबाई हो म्हणाल्या. एफवाल्यांनी टाळ्या वाजवायला कुबडी सोडली आणि ते पुन्हा पडता पडता वाचले. आतून या वेळी काहीच आवाज आला नाही. बाई त्यांच्या खोलीत बसून होत्या आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन मधलं दार लोटून घेतलं होतं.

लग्न झालं. अक्काने ते इतक्या घाईने उरकलं, की जणू कुणी परत नियम काढील अशी तिला धास्ती होती. ते कोशात कुठेही नाही. गेटच्या पानांवर आज पहिल्यापासून शेवटपर्यंत आयवाल्यांची वाक्यं आहेत. म्हातारे गृहस्थ, जगून झालेले, त्यांना भिजायला की हरवायला कुठे जावं लागलं नाही. लग्नाच्या अर्थापुढे त्यांनी लिहिलंय, 'माझं लग्न झालं तेव्हा मला कुणी काही विचारलं नव्हतं.'

खात्री करायला बाईंनी नेहमीप्रमाणे त्यांच्या घरी फोन लावला. आयवाल्यांच्या बायकोने वाक्य ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "खरं आहे ते. पण मला तरी कुठे कुणी विचारलं होतं?"